दट्ट्या दाबण्याआधी

फ्रेंच प्रेसमध्ये बियांना लपायला जागाच नाही. काचेचं भांडं, जाळीचा दट्ट्या, वर झाकण, बस्स. कागदी गाळणी कॉफीतलं तेल अडवते आणि नितळ, हलकं पेय खाली सोडते. प्रेसची धातूची जाळी मात्र ते तेल आणि अगदी बारीक कण कपात येऊ देते, म्हणून ही कॉफी जिभेवर रेंगाळते. या रेंगाळण्यासाठीच मला ती प्रिय आहे.

अशा भांड्याचं पेटंट पॅरिसच्या मायर आणि देलफोर्ज यांनी 1852 साली घेतलं, पुढे 1929 साली मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी. माझ्या ओट्यावर मात्र त्यात बहुतेकदा पडतो तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा मॉन्सून्ड मलबार.

या बियांची गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी मन भरत नाही. शिडाच्या जहाजांना मलबारहून आफ्रिकेला वळसा घालून युरोप गाठायला महिने लागत. समुद्राच्या दमट हवेत हिरव्या बिया फुगत, फिकट पिवळ्या पडत, त्यांचा आंबटपणा ओसरे. तिकडे त्याच चवीची सवय झाली. मग आगबोटी आल्या, 1869 साली सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव हरवली. आता मंगळूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर गोदामांत बिया पसरतात, पावसाळी वारा आत खेळता ठेवतात, बिया उलथतात, पोत्यांत भरतात, पुन्हा पसरतात. ज्या वाऱ्याने कोकणातल्या घरात पापड सादळतात आणि मिठाला पाणी सुटतं, त्याच वाऱ्याला इथे कामाला लावलं आहे. हे ज्यांना सुचलं त्यांच्याविषयी मला अपार आदर वाटतो.

अशा कॉफीला प्रेसच हवा. आंबटपणा नावापुरता, दाटपणा भरपूर. कागदातून गाळली तर तिची श्रीमंती कागदालाच चिकटून राहते. ती भरड दळायची, सांज्याच्या जाड रव्याइतकी. पूड बारीक झाली तर कडवटपणा उतरतो, दट्ट्याही अडतो. भांडं गरम पाण्याने विसळून घ्यायचं. 30 ग्रॅम कॉफीला 450 मिलिलिटर पाणी. उकळी आली की आच बंद करून अर्धा मिनिट थांबायचं आणि ओतायचं. नुकत्याच भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. पाणी पडताच तो सुटतो, पूड फुगून वर येते आणि वास बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. तो फुगवटा बघितल्याशिवाय मी जागची हलत नाही.

चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने हलकेच मोडला की पूड खाली बसू लागते. उरलेला फेस काढून टाकायचा आणि आणखी चार-पाच मिनिटं भांड्याला हात लावायचा नाही. घाई होते ती इथेच, कारण प्रत्येकाला दट्ट्या दाबायचा असतो. पण तो हातात येईपर्यंत कॉफी होऊन गेलेली असते. जोर केला तर बसलेला गाळ पुन्हा उसळतो. मी जाळी कॉफीत जेमतेम बुडवते आणि अलगद ओतून घेते.

आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर आणि किसलेलं जायफळ. ती मला आजही हवीशी वाटते. प्रेसमधली मात्र पहिला कपभर काळीच प्यावी. मलबारच्या घोटात ओल्या मातीची, मसाल्याची झाक असते, आणि ती वरून काही न घालता येते. तेलाबरोबर कॅफेस्टॉलही येतं आणि ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. डॉक्टरांनी ज्यांना सावध केलं आहे त्यांनी खुशाल कागदी गाळणी वापरावी.

आणि कॉफी प्रेसमध्ये ठेवून देऊ नये. गाळावर राहिली की तिचा अर्क उतरतच राहतो, ती कडू होते. सगळी एकदम ओतावी, उरली तर थर्मासमध्ये भरावी. उशिरा कुणी आलं, तर त्याच्यासाठी भांडं धुऊन नव्याने पाणी ठेवावं.