वहिनी, तंबू आणि ग्वाडलूप नदी

‘रात्री पाऊस आला, तर आम्ही कुठल्या बाजूला पळायचं?’

काउंटरपलीकडच्या रेंजरला वहिनीने हा प्रश्न विचारला आणि दादाने कपाळाला हात लावला. बाहेर नोव्हेंबरचं लख्ख ऊन, आकाशात औषधालाही ढग नाही. मागे रांगेत दोन कुटुंबं ताटकळलेली. मला वाटलं, आता हा रेंजर हसणार. तो हसला नाही. त्याने पार्कचा नकाशा आमच्याकडे फिरवला, पेनने आमच्या जागेभोवती गोल केला आणि तिथून चढावर जाणाऱ्या रस्त्यावर एक जाड बाण काढला. वहिनीने त्या नकाशाची नीट घडी घातली आणि पासपोर्ट ठेवतात तशी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

तर मंडळी, आमच्या कॅम्पिंगची सुरुवात ही अशी!

थोडं मागे जाऊ. दादा (माझा चुलतभाऊ) गेली आठ वर्षं ऑस्टिनला आहे. आधी ऑनसाइट, मग तिथेच. मी महिनाभर त्याच्याकडे जाणार हे ठरल्यावर त्याने २०२५ च्या जून महिन्यातच, नोव्हेंबरमधल्या वीकएन्डसाठी ग्वाडलूप रिव्हर स्टेट पार्कमध्ये तंबूची जागा बुक करून टाकली. टेक्सासच्या स्टेट पार्कांमध्ये कॅम्पिंगचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं, आणि नदीकाठच्या पार्कांतले शनिवार-रविवार दिवाळीतल्या कोकण रेल्वेसारखे जातात. दादा त्या दिवशी लॉटरी लागल्यासारखा खुश होता.

आणि मग ४ जुलै आला.

बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, नदीकाठ माणसांनी भरलेला, आणि ३ जुलैच्या रात्री डोंगरात ढग रिकामे झाले. हंट नावाच्या गावापाशी ग्वाडलूप नदी साधारण ४५ मिनिटांत २६ फूट वाढली. म्हणजे अडीच मजले! टेक्सासमध्ये त्या पुरांत १३० हून जास्त माणसं गेली. त्यात कॅम्प मिस्टिक या मुलींच्या समर कॅम्पमधल्या मुली आणि त्यांच्या ताया मिळून २७ जणी होत्या. हवामान खात्याने फ्लॅश फ्लडचा इशारा दिला होता रात्री १ वाजून १४ मिनिटांनी. गाढ झोपेत असलेल्यांनी तो कधी वाचायचा?

आमचं पार्क तिथून नदीच्या खाली, बरंच लांब. पण नदी तीच. आणि माझी भाची, चिऊ, सात वर्षांची.

वहिनीने त्या आठवड्यात बुकिंग रद्द करायला सांगितलं. दादाने ‘बघू’ म्हणत चार महिने काढले. मी ऑस्टिनला उतरले तेव्हा घरात हा विषय म्हणजे टिपॉयवर ठेवलेला बॉम्ब होता. कुणी हात लावत नव्हतं. दादाचं म्हणणं, त्या काळात पाऊसच नसतो, किती घाबरायचं? वहिनीचं म्हणणं एवढंच, ‘पानशेतच्या दिवशी पण लोक सकाळी चहाच पीत होते.’ तिची आजी नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला वाड्यातून नेसत्या साडीनिशी बाहेर पडलेली. हा किस्सा ऐकत ऐकत वहिनी मोठी झाली. त्यामुळे तिच्याशी वाद घालायला गणित चालत नाही.

शेवटी तह झाला. वहिनीच्या अटी तीन. तंबू नदीला लागून नाही, वर. वेदर रेडिओ घ्यायचा. आणि पळायची वाट आधी बघायची. दादाने सगळ्या मान्य केल्या. (त्याला दुसरा इलाज नव्हता.)

ऑस्टिनहून दीड-पावणेदोन तासांचा ड्राइव्ह आहे, सॅन अँटोनियोहून तर पाऊण तासच. शहर संपलं की हिल कंट्री सुरू होते. आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना या टेकड्या जरा बुटक्याच वाटतात. चुनखडीचा पांढरट दगड, त्यावर खुरटे ओक आणि ज्युनिपर. माती मात्र अगदी पातळ, आणि खरी गोम तिथेच आहे. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा या टेकड्यांना अडते, पाऊस धो धो कोसळतो, आणि पाणी मुरायला जागाच नसल्यामुळे सगळं थेट ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत. या पट्ट्याला तिथले लोक ‘फ्लॅश फ्लड अ‍ॅली’ म्हणतात. १७ जुलै १९८७ ला याच नदीवर, कम्फर्ट नावाच्या गावाजवळ, कॅम्पवरून मुलांना घेऊन निघालेल्या गाड्या पुरात सापडल्या आणि दहा टीनएजर मुलं गेली. गावाचं नाव कम्फर्ट!

हे सगळं डोक्यात घेऊन तुम्ही नदीपाशी जाता, आणि नदी बघून तुमची बोलतीच बंद होते. कारण ती इतकी गोड दिसते की बस्स. हिरवट काचेसारखं पाणी, तळाचे गोटे मोजून घ्या. पलीकडे चुनखडीचा उंच सरळसोट कडा. आणि दोन्ही काठांवर बाल्ड सायप्रस. हे नाव मला फार आवडलं. सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात याची पानं गळतात, म्हणून हा ‘टकला’. आम्ही गेलो तेव्हा टक्कल पडायच्या आधीचा सीन होता. अख्खं झाड विटकरी-तांबूस. मुळं अशी जाडजूड, की काठाला मुठीत धरून बसलेत असं वाटावं. चिऊने त्या मुळांच्या खोबणीत लगेच घर मांडलं आणि आम्हा सगळ्यांना पाहुणे म्हणून बोलावलं.

१९८३ मध्ये लोकांसाठी उघडलेल्या या पार्कला चारेक मैलांचा नदीकाठ मिळालाय. उन्हाळ्यात इथे टायरच्या ट्यूबमध्ये बसून तरंगणाऱ्यांची जत्रा असते. नोव्हेंबरमध्ये पाणी हाडं गोठवतं, त्यामुळे आम्ही गुडघ्यापर्यंतच. दादाने गळ टाकला. स्टेट पार्कच्या आत काठावरून मासेमारीला लायसन्स लागत नाही, हा टेक्सासचा दिलदारपणा. या नदीच्याच नावाचा ग्वाडलूप बास हा १९८९ पासून टेक्सासचा राज्य-मासा आहे. दादाच्या गळाला राज्य-मासा सोडाच, शेवाळही लागलं नाही. दोन तास! वर म्हणतो कसा, ‘माशांना मराठी येत नाही.’

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. नदीत किती पाणी वाहतंय हे तिथे कुणालाही फोनवर बघता येतं, नदीवर ठिकठिकाणी मोजणी केंद्रं आहेत. आकडा येतो क्युबिक फीट पर सेकंदमध्ये. मी ते पाहिलं आणि ओरडलेच, ‘अरे, हे तर क्युसेक!’ पुणेकराला क्युसेक शिकवायला नको. खडकवासल्यातून इतका विसर्ग, म्हणजे भिडे पूल गेला, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगतं. वहिनी तर दिवसातून चारदा तो आकडा बघत होती. आमच्या भिडे पुलाचं बोटही भिजलं नसतं इतकं किरकोळ पाणी होतं. तरी ती बघायचीच.

नियमांचं म्हणाल तर दारू पिणं बंद. रात्री दहानंतर आवाज बंद. जंगलातली वाळकी काटकी उचलायची नाही, सरपण विकत घ्या किंवा घरून आणा, आणि कोरड्या दिवसांत जाळ बंदी असेल तर तेही विसरा. एका तंबूच्या जागेत जास्तीत जास्त आठ माणसं. दिवसभरासाठी येणाऱ्यांची संख्याही ठरलेली. मोठ्यांना सात डॉलर, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट, पण पार्क भरलं की गेटवरूनच परत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, हे कॅम्पिंग आहे की होस्टेल? मग १५ जून २०२५ चा रविवार आठवला. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल वीकएन्डच्या गर्दीखाली कोसळला, चार माणसं गेली. त्या पुलावर फोटो काढलेले निदान पाच जण माझ्या ओळखीत निघतील. त्यातली एक मीच आहे.

पण टेक्सासचंही फार कौतुक नको. इथे नदीवर लाइफगार्ड नाही, तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. फोनची रेंज कधी असते, कधी गायब. म्हणूनच तो वेदर रेडिओ. बॅटरीवर चालणारा पिटुकला डबा, त्यावर सरकारी हवामान खात्याचं प्रसारण चोवीस तास सुरू. बाई नाही, बुवा नाही, यंत्राचा आवाज. वारा अमुक, पावसाची शक्यता शून्य टक्के. पुन्हा वारा अमुक, पावसाची शक्यता शून्य टक्के.

संध्याकाळी गॅसच्या छोट्या शेगडीवर पिठलं टाकलं, सोबत घरून आणलेल्या दशम्या. थंडी अशी मस्त पडली होती की पिठल्याची वाफ चष्म्यावर! भडंगाचा डबा बाकावरच राहिला होता. रात्री अकराला खुडबुड झाली, तंबूतून टॉर्च मारला, तर साक्षात रॅकून महाराज. दोन्ही हातांनी, अगदी पंगतीला बसल्यासारखे भडंग हाणत होते. लसूण त्यांना चालत असावा. सगळं खाणं रात्री गाडीत बंद करून ठेवा असं पार्कवाले सांगतात ते का, हे मला तेव्हा कळलं.

नंतर चिऊ झोपली, दादा घोरायला लागला. वहिनी जागी. रेडिओचा आवाज अगदी बारीक करून उशाशी ठेवलेला. शून्य टक्के. मी म्हटलं, ‘झोप ना आता.’ ती म्हणाली, ‘त्या मुलींच्या आयापण निवांतच झोपल्या असतील गं त्या रात्री.’ यावर मी काय बोलणार? मीही जागी राहिले. कोल्ह्यासारखं काहीतरी लांबून ओरडत होतं, आणि खालून नदीचा आवाज येत होता.

पहाटे तिनेच मला हलवलं. ‘चल, खाली जाऊन येऊ.’ नदीवर धुकं इतकं की पलीकडचा कडा गायब. आम्ही दोघीच. चालता चालता ती एका सायप्रसखाली थांबली आणि वर बघत राहिली. आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, वाळकं गवत आणि काटक्यांचा गुंता अडकला होता. मला आधी घरटं वाटलं. मग फांद्यांची सगळी बेचकी दिसायला लागली. सगळ्यांत तसाच गुंता, एकाच दिशेला विंचरल्यासारखा. पाणी एकदा तिथपर्यंत आलं होतं. कुठल्या साली, ते झाडाला माहीत.

वहिनीने चवड्यांवर उभं राहून हात उंच केला. पोचला नाही. मग तिने तिथेच चपला काढल्या, सलवार दुमडली आणि पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत. थंडीने हुडहुडी भरली तरी बाहेर येईना. ‘चिऊला उठव,’ म्हणाली. ‘धुकं जायच्या आत बघू दे तिला.’

मी चढ चढून चिऊला आणायला गेले. आत्याच्या पाठुंगळी बसून, अर्धवट झोपेत, ती खाली आली आणि आईला पाण्यात पाहून खडबडून जागी झाली. पुढचा तासभर काय धिंगाणा झाला तो लिहीत नाही. दादाला उठवायचं आम्ही विसरलोच.

परत निघताना गाडीत वहिनी फोनवर काहीतरी बघत होती. मला वाटलं, क्युसेक. तर म्हणाली, ‘अहो, आता एप्रिलपर्यंतचं बुकिंग दिसतंय.’

दादाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. एक अक्षर बोलला नाही. शहाणा आहे.

‘मार्चचं बघते,’ ती म्हणाली. ‘जागा वरचीच. आणि त्या रेडिओच्या जास्तीच्या बॅटऱ्या घ्या.’