मापांची वही

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी 'चरित्र' हा वाङ्मयप्रकार शिकवते. मुरबाडच्या महाविद्यालयात येणारी मुले बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. दरवर्षी त्यांना एक स्वाध्याय देते, एखाद्या कर्तृत्ववान व्यक्तीचे छोटे चरित्र लिहायचे. गेल्या खेपेस एका मुलीने अमेरिकेतल्या एका यशस्वी फॅशन डिझायनरवर लिहिले होते. गरिबी, मोठे शहर, पहिले दुकान, मग नावाचा ब्रँड आणि शेवटी वैभव, अशा पायऱ्या एकामागून एक आल्या होत्या. वही परत देताना मी तिला म्हटले, इतक्या लांब जायची गरज नव्हती, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया आहेत. तिने ते नाव ऐकलेले नव्हते. आठवड्याभराने ती पुन्हा भेटली. माहिती काढून आली होती, आणि एक प्रश्नही घेऊन आली होती. "मॅडम, हे सगळे कपडे शिवले कोणी?"

उत्तर मला देता आले नाही. पण त्या संध्याकाळी सरळगाव-किन्हवलीमार्गे शहापूरला परतताना एसटीत तो प्रश्न सोबतीला होता. त्याचे कारण घरगुती आहे, आणि ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी भानू अथैयांविषयी. भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये, जन्म २८ एप्रिल १९२९, कोल्हापूर. वडील चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या चित्रकला शिकल्या आणि १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. त्या काळी अशा प्रदर्शनात एका मराठी तरुणीचे काम असणे ही साधी गोष्ट नव्हती. पण पोटापाण्यासाठी स्त्रियांच्या नियतकालिकांतून त्या वेशभूषेची रेखाटने करीत होत्या. त्या रेखाटनांतून प्रत्यक्ष कपडे, कपड्यांतून नट्या आणि नट्यांमधून चित्रपट अशी वाट निघाली. १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून पुढे गुरुदत्त, राज कपूर, यश चोप्रा, आशुतोष गोवारीकर अशा दिग्दर्शकांसाठी त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांचे काम केले. 'गांधी' या चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'लेकिन' आणि 'लगान' यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हा झाला इतिवृत्ताचा भाग. आपण साहित्याची माणसे असल्यामुळे आपल्याला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटायला हवी. वेशभूषाकार हा मुळात वाचक असतो. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) हा बिमल मित्र यांच्या बंगाली कादंबरीवरचा चित्रपट. कादंबरीकाराला 'छोटी बहू'ची साडी कशी होती हे एका वाक्यात सांगून पुढे जाता येते, किंवा मुळीच न सांगता भागते. मीनाकुमारी पडद्यावर येताना मात्र तिच्या अंगावर काहीतरी असावेच लागते, आणि ते जे असेल ते त्या पात्राचे भाष्य ठरते. संहितेने मोकळ्या सोडलेल्या जागा वेशभूषाकाराला सोडता येत नाहीत. 'आम्रपाली'साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला, तो याच गरजेतून. दुसऱ्या टोकाला 'ब्रह्मचारी'तली (१९६८) मुमताजची नारिंगी साडी. नाचताना सुटू नये म्हणून ती आधीच शिवून घेतलेली होती, आणि ती पुढे 'मुमताज साडी' म्हणून गावोगाव पोचली.

'गांधी'तले वाचन तर याहून अवघड होते. दक्षिण आफ्रिकेत १८९३ साली गाडीतून उतरवला गेलेला सुटाबुटातला बॅरिस्टर आणि १९४८ साली प्रार्थनेला निघालेला पंचा नेसलेला म्हातारा ही एकच व्यक्ती आहे हे प्रेक्षकाला पटवायचे होते. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत अंगरखा-टोपी टाकून पंचा स्वीकारला आणि १९३१ साली इंग्लंडच्या राजाला भेटायलाही ते त्याच वेषात गेले. वस्त्र हेच ज्याचे विधान होते अशा माणसाचे वस्त्र उभे करायचे, आणि तरीही ते 'वेशभूषा' म्हणून डोळ्यांत येऊ द्यायचे नाही.

आता घरची गोष्ट.

माझी आई शहापूरच्या बाजारपेठेमागच्या आमच्या दोन खोल्यांत शिवण करीत असे. पायमशीन खिडकीशी, कारण तिथे उजेड. ब्लाउज, परकर, मुलींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश. डोळखांब, किन्हवलीकडच्या बायका आठवडी बाजाराला आल्या की कापड टाकून जायच्या. लग्नसराईत आणि म्हशाच्या जत्रेच्या आधी रात्री दोनपर्यंत मशीन चालायचे. पैसे पुष्कळदा भात झोडून झाल्यावर मिळायचे, कधी पैशांऐवजी तांदूळच यायचे. एकदा एक नवी नवरी लाजत म्हणाली, "वहिनी, मुमताजसारखा शिवा." आईने 'ब्रह्मचारी' पाहिलेला नव्हता. तिने त्या मुलीला शेजारणीकडून सिनेमाचा फोटो आणायला सांगितला, तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "हिचा खांदा सरळ आहे, तुझा उतरता. गळा मी थोडा वर घेते, तुला शोभेल."

आईकडे मापांच्या वह्या होत्या. दोनशेपानी, पुठ्ठ्याच्या. छाती, कंबर, उंची, खांदा, मुंढा, बाही, गळा पुढचा, गळा मागचा. बाजूला तिच्या खुणा, 'अस्तर', 'कटोरी', 'डावा खांदा उतरता', 'पाचवा महिना, माया जास्त ठेवणे'. वीस-पंचवीस वर्षांत अशा चौदा वह्या साठल्या. मला मात्र त्या मशीनची लाज वाटे. अकरावीच्या प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिले. आईने अर्ज वाचला आणि काही न बोलता सही केली. ज्या फीची पावती त्या अर्जाला टाचली होती ती फी ब्लाउज शिवूनच भरलेली होती.

घराचे नवे बांधकाम निघाले तेव्हा सामान आवरायचे काम माझ्याकडे आले. तोवर मी प्राध्यापिका झाले होते. पुस्तकांची खोकी मी स्वतः बांधली, त्यांवर याद्या चिकटवल्या. मापांच्या वह्या मी रद्दीत घातल्या. आईला विचारले नाही. रद्दीवाल्याने त्या वजनावर घेतल्या. संध्याकाळी आईने एवढेच विचारले, "त्यातले कागदाचे कटिंग काढून घेतलेस का?" मी नाही म्हटले. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. एक वही तेवढी मशीनच्या खणात राहून गेली, म्हणून वाचली.

भानू अथैयांनी २०१२ साली आपले ऑस्कर अकादमीकडे परत पाठवले, सांभाळून ठेवण्यासाठी. शांतिनिकेतनातून २००४ साली रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेले, तर माझ्या पश्चात माझे पदक सुरक्षित राहील याची खात्री कोण देणार, असा त्यांचा रोख होता. ते वाचून मला प्रथम राग आला होता. आपल्या लोकांवर इतका अविश्वास का, असे वाटले होते. आज तो राग राहिलेला नाही. मी शिकलेली, संदर्भांची, हस्तलिखितांची काळजी करणारी, वर्गात दस्तऐवजाचे महत्त्व सांगणारी. एका तालुक्यातल्या शेकडो स्त्रियांच्या देहांची, बाळंतपणांची, हौसेची आणि तंगीची नोंद असलेल्या तेरा वह्या मीच वजनावर दिल्या. अविश्वासाला आधार होता.

तुलना ताणायची नाही. आई म्हणजे भानू अथैया नव्हे. एकीपाशी चित्रकलेचे रीतसर शिक्षण होते, कल्पना होती, मुंबई होती, नाव पडद्यावर येण्याची सोय होती. दुसरी लोकांनी आणलेल्या कापडात लोकांनी सांगितलेले शिवीत होती. पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न या दोघींच्या मधल्या जागेतला आहे. ऑस्करविजेत्या चित्रपटाच्या हजारो कपड्यांमागेही कुणीतरी मुंढा कापला असेल, काजे केली असतील. चरित्र एका नावाचे लिहिले जाते. ते चुकीचे नाही, पण ते लिहिणाऱ्याने उरलेल्या हातांसाठी निदान एक परिच्छेद राखून ठेवावा. हे मी आता स्वाध्यायाच्या सूचनांत घातले आहे.

त्या रविवारी लॅपटॉपवर आईला 'गांधी' दाखवला. तिचे डोळे आता अधू झाले आहेत, सुईत दोरा ओवता येत नाही. पुरस्काराचे मी आधी काही सांगितले नव्हते. गर्दीची दृश्ये आली तेव्हा ती पुढे वाकून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कोरं कापड कुठं दिसत नाही गं. सगळं धुऊन धुऊन मऊ केलेलं. ज्यानं केलंय त्याला कळतंय." मग मी सांगितले, की हे काम एका बाईने केले, आपल्या कोल्हापूरच्या. आईने मान हलवली. "मग बरोबर," म्हणाली.

चित्रपट संपल्यावर मी ती उरलेली वही काढली. पानापानावर मापे आहेत, नावे फार थोडी. 'डोळखांबची', 'मास्तरांची थोरली', 'दूधवाली'. आईला देहावरून माणूस ओळखू यायचा, नाव लिहायची तिला गरज नव्हती. मी मापे वाचून दाखवते, आई डोळे मिटून ऐकते आणि नाव सांगते, मी ते पेन्सिलीने बाजूला लिहिते. रोज रात्री तीन-चार पाने होतात. काल छत्तीस छाती, साडेचौदा उंची, 'डावा खांदा उतरता' या नोंदीपाशी आई थांबली. पुष्कळ वेळ आठवून पाहिले. मुमताजसारखा शिवा म्हणणारी तीच, एवढे तिला ठाऊक होते. नाव आठवले नाही. ती ओळ मी तशीच मोकळी ठेवली आहे.