पाखऱ्याचं बिऱ्हाड

आमच्या तळवलीत आता माणसाला भाड्यानं खोली मिळते, पण बैलाला खुंटा मिळत नाही. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि कारखाने, मधे एकाला एक चिकटलेली चार-चार मजली घरं. १९७० साली सिडको आली. ९५ गावांच्या जमिनी त्यात गेल्या, आमची भातशेतीही गेली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पुढं दहावी झालो, कारखान्यात लागलो. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटाचे पैसे हाती आले तेव्हा मुरबाडकडं थोडी जमीन घेतली. तिथलाच एक माणूस ती अर्ध्या वाट्यानं कसतो. लावणीला आणि कापणीला मी जातो. शेतकरी म्हणवून घ्यायला एवढंच शिल्लक आहे.

आणि शिल्लक होता पाखऱ्या.

२००९ साली म्हशाच्या जत्रेतून त्याला आणला. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची ही जत्रा भरते, तिथला गुरांचा बाजार सगळ्या ठाणे जिल्ह्यात नावाजलेला. दोन वर्षांचा खिल्लार खोंड, पांढराफेक, कान सुरीसारखे. छकड्याला जुंपला तर पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं, म्हणून पाखऱ्या. कल्याण, अंबरनाथ, पनवेल, जिथं बिनजोड लागेल तिथं आम्ही टेम्पोत घालून त्याला न्यायचो. घरात पोरांना दूध कमी पडलं तरी त्याला दूध, अंडी, उडदाचं पीठ वेळच्या वेळी. जिंकून आला की गावभर गुलाल. वर्षभर भाऊबंदकीत न बोलणारी माणसं त्या दिवशी माझ्या दारात येऊन चहा पीत.

मधेमधे बंदी यायची, उठायची. मग ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि शर्यती थांबल्या. पाखऱ्या तेव्हा सात वर्षांचा, ऐन भरात. आज उठेल, उद्या उठेल म्हणत आम्ही त्याला सांभाळत राहिलो. १६ डिसेंबर २०२१ ला कोर्टानं परवानगी दिली. गावात फटाके वाजले. आवाज ऐकून पाखऱ्या कान टवकारून उभा राहिला. तो तेव्हा चौदा पुरे करून पंधराव्यात होता, पुढचा डावा गुडघा सुजलेला.

माझ्या धाकट्यानं महिन्याभरात नवा खोंड ठरवला. गोठा घराच्या मागं, भिंतीला टेकवलेला, दोन बैलांना पुरेल एवढाही नाही. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू एकाच्याच शेणाला कंटाळलेले. पोरगा म्हणाला, "आबा, याचं काहीतरी बघायला लागेल."

काहीतरी म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

२०१५ च्या मार्चपासून राज्यात बैल कापायला बंदी आहे. कायद्यानं कापता येत नाही, म्हणून म्हातारा बैल उजेडात कुणी विकत घेत नाही. अंधारात घेतात. एक जण मोटारसायकलवरून रात्री येऊन गेला. बैलाचं तोंडही पाहिलं नाही, बरगड्यांवर हात फिरवून आकडा सांगितला. आतून माझी आई ऐकत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, पण कान शाबूत. बाहेर येऊन म्हणाली, "दाराशी बांधलाय त्यो घरचा हाय. त्याला इकशील त आधी मना इक." तो माणूस मोटारसायकल चालू न करताच ढकलत गेला.

मग मी जागा शोधायला लागलो. शर्यतवाल्या मित्रांना विचारलं, तर प्रत्येकाच्या दारात एकेक पाखऱ्या उभा होताच. एका गोशाळेत जागा नव्हती. दुसरीकडं होती, पण तिथली जनावरं भर उन्हात बरगड्या मोजत उभी दिसली. मी आत न जाताच परतलो.

त्या दिवसांत माझी भाची इंग्लंडहून आली होती. ती सांगत होती, तिकडं ग्रेहाऊंड नावाच्या कुत्र्यांच्या शर्यती लावतात. चार-पाच वर्षांचं झालं की कुत्रं रिकामं. मग त्याला घर शोधून देणारी माणसं असतात, १९७५ पासून त्यांची संस्थाच आहे. हिच्या शेजाऱ्यांनीही असंच एक म्हातारं कुत्रं घेतलेलं. दिवसभर कोचावर झोपतं म्हणे. मी म्हटलं, "बाय, कुत्रं कोचावर मावतं. माझं पाहुणं चारशे किलोचं आहे." आम्ही हसलो. पण रात्री झोप लागेना. पळवून झाल्यावर त्याचं पुढं काय, हा प्रश्न तिकडच्या लोकांना पडला आणि त्यांनी तो सोडवायला घेतला. आम्ही बैलाला देव म्हणणारे, आम्हाला तो गोठ्यात जागा कमी पडल्यावर पडला.

शेवटी वाट सापडली ती पेंढ्यातून. तळवलीत भात नाही, मग पेंढा कुठला? माझ्या वाट्याचा पेंढा दरवर्षी मुरबाडहून टेम्पोनं यायचा. त्या वर्षी भाड्यावरून रडगाणं गात होतो तेव्हा जमीन कसणारा म्हणाला, "पेंढा एवढा लांब नेता दादा, त्यापरीस बैलच इकडं आना ना."

मला एकदम हो म्हणवेना. माझी जमीन कसतो, भिडेपोटी तर बोलला नसेल? मी तसं विचारलंही. तो म्हणाला, "भीड असती तर गप बसलो असतो." मग त्यानंच अटी घातल्या. बैल परत मागायचा नाही. हौसेखातर कुणाला पळवून दाखवायचा नाही. डॉक्टरचा खर्च माझा आणि माझ्या वाट्याचा पेंढा तिथंच राहणार. मी कबूल झालो.

न्यायच्या दिवशी टेम्पो दारात लागला आणि पाखऱ्या फुरफुरायला लागला. टेम्पो म्हणजे शर्यत, हे तो इतक्या वर्षांनीही विसरला नव्हता. सुजलेल्या गुडघ्यानं स्वतःच फळीवर चढला. पोरगा तोपर्यंत माळ्यावर जाऊन बसला होता. महापे, शीळफाटा, कल्याण करत मुरबाडला पोचेपर्यंत पाखऱ्या उभाच. उतरला तसा मान वर करून मैदान शोधू लागला. समोर कापून झालेली खाचरं, एक आंब्याचं झाड आणि दोन शेळ्या.

त्या घरच्या वहिनीनं त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि मागच्या मांडीवर थांबली. तिथं केस न उगवलेले ठिपके होते. "भाऊ, हे काय टोचलंय?"

काय सांगू? काठीच्या टोकाला बसवलेल्या खिळ्याचे वण होते ते. गाडी हाकणारा दुसरा असायचा, पण काठीला खिळा मी बसवून दिला होता. तेच मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. घमेल्यात पाणी आणून तिनं त्याच्यापुढं ठेवलं. तिनं हात उचलला की तो मागं सरायचा. लावणीला गेलो तोवर ते सरणं थांबलं होतं.

अडीच वर्षं तो तिथं राहिला. काम असं काही नाही, शेणखत देणं आणि शेळ्यांच्या पोरांना अंगावर उड्या मारू देणं. २०२४ च्या भाद्रपदात फोन आला. मी पोचलो तेव्हा आंब्याखाली खड्डा खणून तयार होता. चार माणसं खपली होती, मजुरी कुणीच घेतली नाही. बैल परत मागायचा नाही ही अट होती, निदान माती लोटायला तरी मला हात लावू दिला.

दिवाळीनंतर दारात टेम्पो आला, पेंढ्यानं भरलेला. फोन केला तर म्हणाला, "तुमचा वाटा आता तुमच्याकडं."

पोरगा पेंढा उतरवता उतरवता थांबला. गोठ्यातल्या खोंडाकडं बघत म्हणाला, "आबा, याची पण जागा तिकडं आताच बोलून ठेवूया का?"

नव्या नियमांत शर्यतीत काठी, चाबूक, विजेचा झटका, सगळ्यालाच बंदी आहे. पण नियम काय, पूर्वी आम्हालाही चांगलं-वाईट कळत होतंच. मी म्हटलं, "आधी तुझी काठी आण."

त्यानं आणली. मी टोकावरून अंगठा फिरवून पाहिला. खिळा नव्हता. काठी भिंतीला टेकवून मी पेंढा उतरवायला लागलो.