बिरसीची धावपट्टी : युद्धाने सपाट केलेली जमीन

गोंदिया शहराच्या ईशान्येला बारा किलोमीटरवर, कामठ्याजवळ बिरसी हे गाव आहे. श्रावणात या बाजूला जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या, चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया, आणि त्या हिरवाईला कापत गेलेली २३०० मीटर लांबीची डांबरी धावपट्टी दिसते. वैमानिकांच्या नकाशात तिची नोंद ०४/२२ अशी आहे. एका टोकाने निघालेले विमान सुमारे ४० अंशांवर, म्हणजे ईशान्येकडे तोंड करून धावते. दुसऱ्या टोकाने निघालेले २२० अंशांवर, नैर्ऋत्येकडे. उतरताना आणि उडताना विमानाला वारा समोरून हवा असतो, म्हणून धावपट्टी आखताना आधी वारा पाहतात. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा या पट्टीला बरोबर समोरून मिळतो.

ही जागा ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, विमानांसाठी तयार केली. त्या वर्षी जून महिन्यात फ्रान्स पडला होता आणि इटली युद्धात उतरला होता. जपान मात्र अजून बाहेरच होता. मध्यप्रांतातल्या भंडारा जिल्ह्याच्या या कोपऱ्यावर कोणी बॉम्ब टाकील, अशी शक्यता नव्हती. पण त्या काळच्या विमानांचा पल्ला कमी, इंजिनांचा भरवसा त्याहून कमी. मुंबई–नागपूर–कलकत्ता या वाटेवर ठरावीक अंतराने उतरता येईल अशी जमीन लागे. गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे जंक्शन. इंधनाचे पिंप, गिट्टी, रोलर, डांबर असे जडशीळ सामान आणायचे तर शेजारी रेल्वे असणे ही पहिली सोय.

पुढच्या दोन वर्षांत सगळे चित्र पालटले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. विशाखापट्टणम गोंदियापासून हवाई मार्गाने पाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. हिंदुस्थानचे सरकार खडबडून जागे झाले आणि दोनशेहून अधिक विमानतळांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी १९४३ ची, कल्याणजवळची नेवाळीचीही त्याच युद्धातली. पुढे १९४४ मध्ये खडगपूर, चाकुलियासारख्या पूर्वेकडच्या तळांवरून अमेरिकेची अजस्र बी-२९ विमाने उडाली, तेव्हा युद्धाचा सगळा भार तिकडे गेला होता. बिरसीसारख्या आतल्या जागा या साखळीच्या मागच्या कड्या होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना ओळभर जागा मिळत नाही, पण अशा कड्यांवाचून पुढचे तळ चालत नाहीत.

धानपट्ट्यात धावपट्टी बांधणे हे आम्हा बांधकामाच्या धंद्यातल्या माणसांना फार अवघड वाटणारे काम. बांधी असते पाणी धरून ठेवण्यासाठी. धुरे घालून, चिखलणी करून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तळची माती इतकी घट्ट करतो की पाणी झिरपू नये. धावपट्टीला नेमके उलटे हवे असते. पाणी क्षणभरही थांबता कामा नये, नाहीतर चाके घसरतात आणि खालचा थर मऊ पडून पट्टी खचते. म्हणून आधी धुरे फोडायचे, वरची काळी कन्हार माती खरवडून बाजूला काढायची, मुरूम भरून दाबायचा, त्यावर दगडाची सोलिंग, मग गिट्टी. पंचेचाळीस मीटर रुंद पट्टीला दीड टक्का उतार दिला, तर मध्यापासून कडेपर्यंत फरक पडतो जेमतेम फूटभर. डोळ्यांना तो दिसत नाही, पाण्याला कळतो. कडेच्या नाल्या मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उपसाव्या लागतात. विदर्भातल्या जुन्या धावपट्ट्यांचे नुकसान विमानांच्या चाकांपेक्षा तुंबलेल्या नाल्यांनी जास्त केले, असे माझे मत आहे.

युद्ध संपले आणि अशा शेकडो पट्ट्यांचे काम संपले. युद्धातून उरलेली डकोटा विमाने भारतीय कंपन्यांनी विकत घेतली. जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊ लागली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला शांततेतले काम मिळाले. तिथून दीडशे किलोमीटरांच्या आतच असलेल्या बिरसीला मिळाले नाही. पट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिली. जागचा दगडही न हलता ती मध्यप्रदेशातून १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून नव्या गोंदिया जिल्ह्यात. त्याआधी ऑगस्ट १९९८ मध्ये ती औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली होती.

खरा बदल डिसेंबर २००५ नंतरचा. पट्टी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, तेव्हा गोंदियाचे प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते. एअरबस ३२० उतरू शकेल अशा बेताने धावपट्टी वाढवली गेली. प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांची वैमानिक प्रशिक्षण संस्था इथे उभी राहिली. युद्धकाळातल्या डकोटाचे वजन भरल्यावर बारा-तेरा टन, एअरबसचे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. आणि या पट्टीवर सर्वाधिक वेळा टेकणाऱ्या डायमंड डीए-४० या शिकाऊ विमानाचे वजन सव्वा टनाच्या आत. दिवसभर ही शिकाऊ विमाने उतरतात, थांबत नाहीत, पुन्हा उडतात. या शिक्षणाला किंमतही मोजावी लागली आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले.

प्रवासी मात्र उशिरा आले. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर–गोंदिया–हैदराबाद ही सेवा सुरू झाली, पण काही महिन्यांतच बंद पडली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचे एटीआर हैदराबादमार्गे तिरुपतीला जाऊ लागले.

या सगळ्याच्या तळाशी जमीन आहे. डांबर दहा-पंधरा वर्षांत नवे घालता येते. सलग दोन किलोमीटर सपाट, मोकळी, सरकारच्या नावावर असलेली जमीन आज नव्याने मिळवणे जवळपास अशक्य आहे. युद्धाने मागे ठेवले ते हेच, आणि तंटेही त्यावरूनच. शिवणीचे विस्तारीकरण कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षे अडले. नेवाळीत जून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. युद्धासाठी घेतलेली जमीन युद्ध संपल्यावर परत मिळायला हवी होती, हे त्यांचे म्हणणे होते. बिरसीत नव्या विस्ताराने गावालाच हात घातला. धावपट्टीच्या टोकापलीकडे विमान खाली येण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. पन्नास मीटर अंतराला एक मीटर, एवढ्याच उंचीची मुभा असते. घर, झाड, टाकी, सगळे त्या तिरक्या रेषेखाली राहायला हवे. बिरसीतली शंभराहून अधिक कुटुंबे पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे खेटे घालत राहिली.

मोजणीचे नकाशे आणि जुन्या बंदोबस्ताच्या मिसली यांत १९४० च्या आधीची प्रत्येक बांधी नंबरासह नोंदलेली असते. कोणत्या नंबरावर पट्टी आली आणि तो कोणाच्या नावे होता, हे जिल्ह्याने एकदा नकाशावर उतरवून लोकांसमोर ठेवावे. यासाठी फार पैसा लागणार नाही. तीन भूमापक आणि एक हिवाळा पुरे.