कवसम्

तमिळनाडूत रस्त्याच्या कडेला पोलिसांच्या पाट्यांवर एक घोषवाक्य हमखास दिसतं : 'तलैक्कवसम् उयिर्क्कवसम्'. डोक्याचं कवच म्हणजे जिवाचं कवच. आपण मराठीत सरळ 'हेल्मेट' म्हणतो. 'शिरस्त्राण' सरकारी परिपत्रकापुरतं. तमिळमध्ये मात्र दुचाकीवाल्याच्या हेल्मेटला आणि देवाच्या अंगावर चढवलेल्या चांदी-पितळेच्या आवरणाला शब्द एकच, कवसम्. आपल्याच 'कवच'चं ते तमिळ रूप. कुंभकोणमला राहून तमिळमधून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे हा शब्द वरचेवर भेटतो आणि दर वेळी त्याची मराठी वेगळी करावी लागते.

हे गाव धातूचं. बाजारात पितळेच्या भांड्यांच्या राशी. जवळच्या स्वामिमलईत मेणाच्या नमुन्यावरून पंचधातूच्या मूर्ती ओततात, नाच्चियारकोविलला समया. हे सगळं ओतीव काम. कवसम् मात्र घडीव. कागदाची सुरळी सहज होते, पण त्याच कागदात चेंडू गुंडाळायला गेलं की सुरकुत्या पडतात. पत्र्याचंही तसंच. गालाला, कपाळाला दोन्ही दिशांनी गोलाई असते. तिथे नुसतं वाकवून भागत नाही. पत्रा आतून ठोकून ताणावा लागतो, कडेला आवळावा लागतो. ठोके खाऊन पितळ ताठरतं. मग ते तापवून नरम करायचं आणि पुन्हा ठोकायचं. शेवटचा हलका हात म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत ज्याला 'मठारणं' म्हणतात, ते.

आमच्या गल्लीत अशी कवसम् घडवणारे एक वयस्कर आसारी राहतात. मुलाने ती वाट धरली नाही. तो खिडक्यांचे गज आणि फाटकं वेल्डिंग करतो, तेही बरेचदा साधा काळा चष्मा लावून. ''दुकानातला मास्क माझ्या नंबरच्या चष्म्यावर बसत नाही, अक्का,'' असं मला त्याने सांगितलं होतं. वेल्डिंगच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा भाजतो. ते तेव्हाच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी थांबत नाही. अशी एक रात्र त्याने काढली. दुसऱ्या दिवशी बापाने पुठ्ठा कापून मुलाच्या तोंडावर धरला आणि माप घेतलं.

पत्रा लोखंडी, मिलिमीटरहून पातळ. समोरचा भाग नुसता वाकवला, कारण काच सपाट जागीच बसते. हनुवटीशी मात्र पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून देवाच्या हनुवटीसारखा आतून ठोकला. उजेड खालूनही शिरतो. चौकटीत दहा नंबरची काळी काच, तिच्यापुढे ठिणग्या झेलायला साधी काच. मागून आलेलं ऊन आत चमकू नये म्हणून आतून काळा रंग. लोखंड तापतं आणि वीजही वाहून नेतं, म्हणून आत सगळीकडे आणि कडांना चामडं.

मी विचारलं, ''देवाचं करता तसंच का हे?''

''देवाचं अंगाला चिकटून बसलं पाहिजे,'' ते म्हणाले. ''याला अंतर ठेवावं लागतं. हा श्वास घेतो, याला घाम येतो.''

इथे घरोघरी 'कंद षष्टी कवसम्' म्हणतात. मुरुगनच्या सहा मुख्य स्थानांपैकी एक स्वामिमलईला आहे. आपल्या रामरक्षेसारखंच हे स्तोत्र एकेका अवयवाचं नाव घेऊन रक्षण मागतं, आणि डोळे दोन्हींत आहेत. मराठीतलं 'कवच' मात्र स्तोत्रांतून निघालं ते थेट विम्याच्या जाहिरातीत गेलं. घामेजल्या तोंडावर चढवायच्या वस्तूला तो शब्द आपण लावत नाही. देवाला रक्षणाची गरज नसते, तरी त्याचं आवरण घडवण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब लागलं. ज्याचे डोळे खरोखर जळतात त्याच्यासाठी तेच कसब वापरताना त्या आसारींना शब्द बदलावा लागला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुलगा मात्र त्याला 'मास्क'च म्हणतो. परवा घाईत निघताना तो विसरला, तेव्हा बाप दारातून ओरडला, ''कवसम् घे!'' गाडी वळवून तो परत आला आणि घेऊन गेला.