प्लॅनर जिंदाबाद!

क्रिएटिव्ह माणूस म्हणजे कसा, याचं एक चित्र आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. विस्कटलेले केस, रात्री दोनला सुचलेली आयडिया, डेडलाइनच्या अर्धा तास आधी झपाटल्यासारखं केलेलं काम आणि उशीर झालाच तर 'मूड नव्हता यार' हे एकमेव उत्तर. वहीत कामं लिहून त्यावर टिकमार्क करणारा माणूस म्हणजे बँकेतले काका. त्यांचा नि कलेचा काय संबंध?

माझी फ्लॅटमेट या चित्रात कुठेच बसत नाही. ती फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर. लोगो, पुस्तकांची कव्हर्स, लग्नपत्रिका, गणपती मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांचे ले-आउट, सगळं करते. आणि तिला प्लॅनिंगचं वेड आहे. छंद-बिंद नाही, वेडच! रविवारी संध्याकाळी आमच्या कोथरूडच्या वन बीएचकेत टेबलावर तिची वही, सहा रंगांची पेनं, पट्टी आणि वॉशी टेप पसरलेली असते. त्या तासाभरात तिला 'पिक्चरला येतेस का' असं विचारायची माझी टाप नाही.

मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे आमच्या घरात एक तारखेला पगार होणारं कुणीच नाही. घरभाडं मात्र न चुकता पाच तारखेला जातं. त्यामुळे तिची ती वही आमच्याकडे नुसती शोभेची नाही.

तिची पद्धत तशी जगभर माहीत असलेली. न्यू यॉर्कच्या रायडर कॅरोल या डिजिटल डिझायनरनं २०१३मध्ये 'बुलेट जर्नल' लोकांपुढे आणलं. लहानपणापासून एका गोष्टीवर लक्ष टिकवणं त्याला जड जायचं, म्हणून त्यानं स्वतःपुरती ही युक्ती शोधली होती. कोरी वही घ्यायची. ठिपका म्हणजे काम, झालं की त्यावर फुली, पुढे ढकललं की बाण. महिना संपला की उरलेली कामं हातानं पुन्हा लिहायची. पुन्हा लिहायचाही कंटाळा आला, तर ते काम बहुधा गरजेचं नव्हतंच!

पण हिचं म्हणणं वेगळंच. "आमच्याकडे हे सगळं स्वयंपाकघरातच होतं की. कालनिर्णय!" जयंतराव साळगावकरांनी १९७३मध्ये सुरू केलेल्या या कॅलेंडरच्या चौकोनांत तिची आई दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींच्या सुट्ट्या आणि भिशीचे हप्ते लिहायची. एका चौकोनात आख्खं घर. लेकीनं फक्त रंगीत पेनं आणली.

वहीचं पहिलं पान म्हणजे वर्षाचा नकाशा. फ्रीलान्स डिझायनरचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, हे मला तिथे कळलं. श्रावण लागला की मंडळांचे अहवाल. त्याच सुमाराला दिवाळी अंक. तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिकांची झुंबड, शेजारी कॅलेंडर नि डायऱ्या. मार्चमध्ये उरलेलं बजेट संपवायला धावणाऱ्या कंपन्या. आणि जून-जुलै? पाऊस बाहेर, दुष्काळ बँकेत. हे एकदा रंगवून समोर आलं की मार्चचे पैसे मार्चमध्ये उडवायचे नसतात, हे कुणी सांगावं लागत नाही.

मग प्रत्येक कामाचे तुकडे. ब्रीफ, कच्ची स्केचेस, दोन पर्याय, करेक्शनच्या दोन फेऱ्या, शेवटी प्रेसला जाणारी फाइल. त्या फाइलचाही वेगळा दिवस. रंग सीएमवायकेत आहेत का, कडेनं तीन मिलिमीटर ब्लीड सोडलंय का, फोटो तीनशे डीपीआयचे आहेत की व्हॉट्सॲपवरून आलेले... हे डोळे मिटत असताना रात्री एकला तपासलं, तर हजार कॉपी छापून झाल्यावर चूक दिसते.

सगळ्यात मजेशीर म्हणजे तिच्या वहीतले निळे चौकोन. रोज एक. त्यात काहीच लिहिलेलं नसतं. मी एकदा विचारलं, हे काय? तर तिनं लॅपटॉपवर एक ब्रोशर उघडून दाखवलं. इंग्रजीसाठी केलेल्या ले-आउटमध्ये कुणीतरी मराठी मजकूर तसाच ओतला होता. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना धडकत होते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. इंग्रजीपेक्षा दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर अक्षरं गुदमरतात. "दिवसाचंही तसंच असतं गं," ती म्हणाली. "जागा सोडली नाही, तर कामं एकमेकांवर आपटतात."

त्या निळ्या चौकोनात ती फिरायला जाते, दुकानांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढते, नाहीतर नुसती चहा पीत बसते. आयडिया तिलाही कधीही सुचते. पण सुचेल तेव्हा हात मोकळा असावा, याची सोय तिनं आधीच केलेली असते.

या वहीची खरी परीक्षा दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये झाली. तिच्याकडे तेव्हा एका एजन्सीचं बांधलेलं काम होतं. दर महिन्याला ठरलेली रक्कम, नातेवाइकांना सांगायला मोठं नाव. फक्त पैसे तीन-तीन महिने यायचे नाहीत आणि 'छोटासा चेंज आहे' हा मेसेज रात्री अकरानंतरच यायचा. एका रविवारी तिनं सहा महिन्यांची पानं उलटली. त्या क्लायंटचा रंग लाल, आलेल्या पैशांचा हिरवा. हिशोब मांडला, तर निम्म्याहून जास्त वेळ लाल आणि हिरव्यात त्यांचा वाटा पाव हिस्साही नाही!

तिचे बाबा फोनवर म्हणाले, "हातातलं काम सोडू नकोस, पावसाळा तोंडावर आहे." ते चूक नव्हते. सुकट काळ तिच्याच नकाशात लिहिलेला होता. तरी तिनं महिन्याभराची नोटीस देऊन काम सोडलं. जुलै कसाबसा साठवणीवर निघाला. ऑगस्टचं तिच्या वाट्याचं भाडं मी भरलं. लगेच वहीत नोंद झाली, 'परत द्यायचे, २० ऑक्टोबर.' १८लाच आले.

मोकळ्या झालेल्या सकाळींत तिनं एका छोट्या प्रकाशकासाठी लहान मुलांचं पुस्तक केलं. चित्रं, मांडणी, कव्हर, सगळं तिचं. पैसे बेताचेच मिळाले. पण पुढची दोन चांगली कामं ते पुस्तक बघून आली. आणि घरात ती पुन्हा गुणगुणायला लागली, ज्याची नोंद वहीत नाही.

आता तिच्या प्रत्येक बिलावर तारखेची एक ओळ असते. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार छोट्या व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याजासकट. त्यासाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते. फ्रीलान्सर मंडळी, हे कापून फ्रिजवर लावा!

म्हणजे तिचं सगळं प्लॅनप्रमाणे चालतं का? छे! गेल्या गणपतीत अहवाल प्रेसला जायच्या आदल्या रात्री फोन आला, "ताई, अध्यक्ष बदलले, फक्त फोटो बदलायचाय." फक्त फोटो म्हणजे मनोगत, सही, यादी, सगळंच. ती वैतागली, पण कोसळली नाही. तो दुसरा दिवस तिनं मोकळा ठेवलेला होता. पाच वर्षं मंडळांचं काम केलेली मुलगी अध्यक्ष बदलण्याची तारीखही धरून चालते.

वॉशी टेप नि सहा पेनं हे माझं काम नव्हे. माझे अक्षरही डॉक्टरांच्या तोडीचं. तिच्याकडून मी एवढंच उचललं : दिलेल्या प्रत्येक लेखापुढे पैसे कधी यायला हवेत ती तारीख लिहायची, आणि आठवड्यातली एक सकाळ कुणालाच द्यायची नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही नोकरीवाले, आमचं कॅलेंडर तर आधीच फुल्ल! बरोबर आहे. पण ते भरतं कोण? बॉस, एचआर आणि मीटिंगला बोलावणारा प्रत्येक जण. तेव्हा या रविवारी पुढच्या आठवड्यातला एक चौकोन त्यांच्या आधी तुम्ही रंगवा. निळाच हवा असं काही नाही. आणि कुणी विचारलं, तेव्हा काय आहे, तर बिनधास्त सांगा, "अपॉइंटमेंट आहे!"