पानाची डावी बाजू

वर्षप्रतिपदेच्या जेवणाची स्तुती श्रीखंड-पुरीपलीकडे सहसा जात नाही. परंतु पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर या शिरस्त्याने जे अल्पस्वल्प वाढले जाते, त्याच्यावाचून ते मिष्टान्न लवकरच जिभेस जड होते, अशी माझी पक्की धारणा आहे.

आज आई खमंग काकडी करीत असताना मी शेजारीच बसलो होतो. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून तिच्या टोकावर सुरीचे उभे-आडवे घाव घालावयाचे आणि मग तो चिरलेला थर पातळ कापून ताटात पाडावयाचा, या चोचवण्यातून जे बारीक कण निघतात ते किसणीतल्या लगद्यासारखे निस्त्राण नसतात, दाताखाली कुरकुरतात. त्यांवर दाण्याचे कूट, ओले खोबरे, किंचित साखर, लिंबाचा रस, आणि तुपात जिरे व हिरवी मिरची तडतडवून केलेली फोडणी. मीठ मात्र पाने मांडल्यावरच, कारण ते लागताच काकडी पाणी सोडते आणि भिजलेल्या कुटाची सारी रया जाते.

चैत्रात जोडीला कैरीची डाळ हवीच. भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, कैरीचा कीस आणि हिंग-मोहरीची फोडणी, एवढ्यावर ती उभी राहते.

हल्ली मंगलकार्यांत काकडी-टोमॅटोच्या चकत्यांची नुसती रास मांडून कोशिंबिरीची बोळवण करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पाहुण्याच्या खातिरदारीत ती चोचवण्याइतकी तोशीस सोसावयास काय हरकत आहे?